पानेलाचा धर्मबाप

ही घटना खरी आहे.

आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटी सांगून काही उपयोग होत नाही. ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने ठेवू नये. मलाही ठेवायचा नव्हता.

दिवस… रविवार, १५ फेब्रुवारी २०१५. कार्निव्हलचा रविवार.

वेळ… दुपारी एक. रात्र नाही, अंधार नाही. डोक्यावर रणरणतं ऊन आणि सावली पायाशी गोळा झालेली.

जागा… माग्दालेना नदीच्या काठावरचं आमचं पुएर्तो सेइबा. तिथलं प्राणीसंग्रहालय, जुन्या कापूस-जिनाच्या आवारातलं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती नुरिस कान्तियो. माझ्या आईची मावसबहीण, म्हणजे माझी मावशी. पण लिहिताना मी तिला नुसतं नुरिस म्हणणार आहे. मावशी म्हटलं की हात थांबतो.

तिच्या कॉम्प्युटरमधले सगळे फोटो आता माझ्याकडे आहेत. अकरा हजारांच्या वर. जमेल तिथे फोटोचा नंबर देतो.

एक नंबर सापडणार नाही. तो मी हरवलेला नाही.



फोटो ३८११. पाटी.

नुरिसची एक पद्धत होती. आधी पिंजऱ्याची पाटी, मग प्राणी. म्हणजे घरी गेल्यावर कोण कुठला ते कळतं. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई. निवृत्त झाल्यावर तिने जुना कॅमेरा विकत घेतला आणि दर रविवारी प्राणीसंग्रहालयात जायला लागली. प्रत्येक पिंजऱ्यासमोर तिची उभं राहायची जागा ठरलेली. फरशीवर तिने नेलपॉलिशचे लाल ठिपके लावून ठेवले होते. दर वेळी त्याच ठिपक्यावर पाय, त्याच उंचीवर कॅमेरा.

एकाच प्राण्याचे शंभर फोटो काढले की मग तो प्राणी दिसायला लागतो, असं ती म्हणायची.

तिथे प्राण्यांना खायला घालणारा कालिस्तो तिची थट्टा करायचा. साठीचा माणूस, तोंडात कायम काडी. "बाई, ते कासव गेल्या रविवारपासून हललेलं नाही. जुनाच फोटो चालवा की."

तर पाटी. ३८११ मध्ये ती स्वच्छ दिसते. नवी कोरी, चार स्क्रूंवर बसवलेली.

दान्ता. मादी. जन्म ऑगस्ट २०१४.
नाव : पानेला.
धर्मबाप : एलिहियो कान्तियो.

दान्ता म्हणजे टॅपिर. डुकरापेक्षा मोठा, पुढे छोटीशी सोंड. पिल्लू असताना अंगावर कलिंगडासारखे पट्टे असतात. रंग गुळाचा, म्हणून नाव पानेला.

आणि एलिहियो म्हणजे येयो. नुरिसचा धाकटा भाऊ.

तो १९९७ च्या नोव्हेंबरात गेला. कुठे… ते कुणालाच माहीत नाही.



येयो याच प्राणीसंग्रहालयात कामाला होता. उंच, किडकिडीत, सव्वासहा फुटांचा. पानेलाची आई कानेला पिल्लू असताना इथे आली, तेव्हा तिला बाटलीने दूध पाजून त्यानेच वाढवलं. दूध घेऊन आला की शीळ घालायचा. दोन सूर वर, एक खाली, आणि मग जिभेचा टक्क असा आवाज. ती शीळ ऐकली की कानेला कुठूनही धावत यायची.

नदीच्या वरच्या अंगाला एका दुकानदाराने माकड कोंडून ठेवलंय असं कळलं. येयो ते सोडवून आणायला लाँचने निघाला.

लाँच परत आली.

माकडासाठी नेलेला पिंजरा परत आला, रिकामा.

येयो आला नाही.

त्या वर्षांत नदीवर अशी माणसं जायची. कुणी विचारत नसे, आणि विचारणाऱ्याला लोक गप्प करून घरी सोडून यायचे.

त्याची आई, सिक्स्ता, यांनी त्या दिवसापासून घराच्या मागच्या दाराला कडी लावली नाही. सतरा वर्षं. मृतासाठी करतात ती नऊ दिवसांची प्रार्थना धरू दिली नाही, काळे कपडे घातले नाहीत. पाद्री बोलायला आला तर त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला.



आमच्याकडे प्राणीसंग्रहालयात पिल्लू जन्मलं की त्याचं बारसं करतात. खरं नाही, गमतीचं. नगरपालिकेचा बँड, केक, फुगे. कुणीतरी धर्मबाप किंवा धर्ममाता होतं आणि त्याचं नाव पाटीवर लागतं. पण गमतीचं असलं तरी धर्मबाप तो धर्मबापच. आपल्या लेकराचा असो की दान्ताचा, त्याने लक्ष ठेवायचं असतं.

१२ ऑक्टोबर २०१४ ला पानेलाचं बारसं झालं. ८१ वर्षांच्या सिक्स्ता स्वतः हट्टाने आल्या. फॉर्म पुढे ओढला आणि धर्मबापाच्या रकान्यात लेकाचं नाव घातलं.

टेबलावरची मुलगी नवीन होती. तिने विचारलं, "सहीला धर्मबाप आलेत का?"

"कामावर गेलाय," सिक्स्ता म्हणाल्या. "त्याला यायला उशीर होतो."

आजूबाजूची माणसं एकदम गप्प झाली. बँड तेवढा चालू राहिला.

कालिस्तो नुरिसच्या जवळ आला. काडी तोंडातून काढून हातात धरलेली. हळूच म्हणाला, "बाई, आवरा त्यांना. गेलेल्या माणसाला धर्मबाप करत नाहीत आपल्यात. तो लेकराला सांभाळायला येतो."

"तो गेलाय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कालिस्तोने काडी पुन्हा तोंडात घातली. केकचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि निघून गेला.

नुरिसने आईला अडवलं नाही. तिला वाटलं, म्हातारीला तेवढंच बरं वाटेल. कुठे थडगं नाही, कुठे नाव नाही. निदान एका पाटीवर तरी.

चूक इथे झाली.



फोटो ३९०२. राजगिधाड. डोळा डावीकडे.

फोटो ३९२०. केमन मगर. डोळा डावीकडे.

फोटो ३९४४. कासव. मान उचललेली, डावीकडे.

फोटो ३९५१. कानेला. डावीकडे.

नोव्हेंबरचे हे फोटो. नुरिसला आधी राग आला. शंभरातला एखादा फोटो असा निघतो, की प्राण्याचं लक्ष भलतीकडे असतं. पण एका रविवारी चार?

पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्याच्या पुढच्या रविवारीही…

घरी तिने सगळे फोटो शेजारी शेजारी लावले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते कुठेतरी बघत नव्हते. एकाच जागी बघत होते.

तिच्या डाव्या खांद्यामागे. साधारण दोन पावलांवर. तिच्या डोक्याच्या वीतभर वर.

म्हणजे उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे. उंच माणसाच्या.

त्या जागी तिने प्रत्येक वेळी वळून बघितलं होतं. पेरूचं झाड, फरसबंद वाट, बाक. बाकी कुणी नाही.

पण रानमांजर मात्र सरळ कॅमेऱ्यात बघत होतं. माकडंही. कोल्हाही.

नुरिस शिक्षिका होती. तिने कागदावर दोन रकाने पाडले. वळणारे प्राणी आणि न वळणारे. मग प्रत्येकापुढे तो इथे कुठल्या साली आला ते लिहिलं.

रानमांजर २००३. माकडं २०१०. कोल्हा २००८.

राजगिधाड १९९१. केमन १९८८. कासव तर कुणालाच आठवत नाही तेव्हापासूनचं. कानेला १९९६.

वळणारे सगळे येयोच्या वेळचे होते.

ते त्याला ओळखत होते.

तुम्हाला वाटेल नुरिस घाबरली. नाही. ती स्वयंपाकघरात गेली, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा येऊन बसली. तिला आनंद झाला होता. प्राणी भुताला कशाला बघतील… ते माणसाला बघतात. येयो जिवंत आहे. कुणाच्या तरी भीतीने लपून राहतोय. दर रविवारी बहिणीला लांबून बघायला येतो, आणि ती वळायच्या आत झाडाआड होतो.

असं तिने ठरवलं.

त्यानंतर ती दर रविवारी मक्याच्या पिठाचे दोन अरेपा घेऊन जायला लागली. अंडं घालून तळलेले, येयोला आवडायचे तसे. एक स्वतः खायची. दुसरा कागदात गुंडाळून मागच्या बाकावर ठेवायची.

निघताना बघायची. अरेपा तिथेच.

खारही शिवलेली नाही. त्या उन्हात, त्या झाडाखाली…

मुंगीसुद्धा लागलेली नाही.



डिसेंबरात नोटरीने शीळ घातली.

नोटरी हा लाल मकाव पोपट. प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायचा म्हणून कालिस्तोने ठेवलेलं नाव. २००९ मध्ये एका ट्रकमधून पकडून आणलेला. येयोचं तोंडही त्याने पाहिलेलं नव्हतं. त्याला दोन शिव्या यायच्या आणि नगराध्यक्षांचं खोकणं यायचं.

नुरिस लाल ठिपक्यावर उभी होती. नोटरीने मान वाकडी केली. तिच्या खांद्यामागे बघितलं.

दोन सूर वर.

एक खाली.

टक्क.

नुरिसच्या हातातला कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला लटकला.

मकाव ऐकल्याशिवाय शिकत नाही. एकदा ऐकून तर नाहीच. महिना, दोन महिने, रोज कुणीतरी ते त्याच्यासमोर करावं लागतं.

तिने कालिस्तोला विचारलं. तो म्हणाला की त्यानेही ऐकलं. पहाटे पिंजरे धुताना. आधी एकदा, मग रोज. त्याला वाटलं, आपल्यालाच म्हातारपणी ऐकू येतंय.

"इथे कुणी येतं का, कालिस्तोभाऊ? उंच माणूस? पन्नाशीला आलेला?"

कालिस्तोने कमरेची किल्ली तिच्यासमोर धरली.

"बाई," तो म्हणाला, "फाटक मी उघडतो. फाटक मीच लावतो."

त्या दिवशी जाण्यापूर्वी नुरिसने एक गोष्ट केली. मागे न वळता कॅमेरा डाव्या खांद्यावर उलटा धरला आणि बटण दाबलं.

फोटो ४०१७.

माझ्यासमोर आहे तो. वाट आहे, बाक आहे, पेरूचं झाड आहे. माणूस नाही.

पण झाड धुरकट आलंय. बाकही धुरकट. जवळची फरशीही. कॅमेऱ्याला फोकस धरायला काहीतरी लागतं. काहीच नसलं की तो समोरचं झाड धरतो, भिंत धरतो.

याने धरला होता…

दोन पावलांवर.

हवेत.



जानेवारीत पानेला खाईनाशी झाली.

बाकीच्या दान्तांना पालेभाजी, केळी, भोपळा. पानेला तोंड लावत नव्हती. आईचं दूधही पीत नव्हती. सगळा वेळ कुंपणाच्या एका कोपऱ्यात उभी. त्या कोपऱ्यात, जिथून पूर्वी येयो बाटली घेऊन यायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शेण तपासलं, इंजेक्शनं दिली. आजार सापडला नाही. महिन्याभरात पिल्लाच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

फोटो ४१३०, ४१५२, ४१७१. तीन रविवार. मी ते तिन्ही एकदम बघत नाही.

आता कालिस्तो थट्टा करत नव्हता. त्याने सरळ सांगितलं की पाटी काढा. कार्यालयातून पाटी काढायची तर ज्याने नाव दिलं त्याची सही लागते. म्हणजे सिक्स्तांची.

नुरिस त्या संध्याकाळी आईसमोर बसली. सिक्स्ता कसावाच्या कंदाची सालं काढत होत्या. नुरिसने सगळं सांगितलं, फक्त शीळ सोडून. पिल्लू मरेल म्हणाली.

सिक्स्तांचा हात थांबला नाही.

"पाटी काढायची म्हणजे काय, ते कळतं ना तुला, नुरी? सतरा वर्षांत या घरातल्या कुणीही त्याला मारलेलं नाही. तू पहिली होणार?"

नुरिस खाली पडलेली सालं गोळा करायला लागली.

मागचं दार वाऱ्याने थोडं उघडलं आणि पुन्हा टेकलं. दोघींनीही तिकडे बघितलं. नेहमीसारखं.

मला नुरिसने पुढे सांगितलं होतं की खरी भीती तिला त्या क्षणी वाटली. प्राणीसंग्रहालयात नाही. घरात. कारण तिला कळलं की ती जिवंत भावाला नाही, आईच्या दाराला जपतेय. आणि त्याची किंमत एक मुकं पिल्लू भरतंय.



१५ फेब्रुवारी.

कार्निव्हलचा रविवार, त्यामुळे अख्खं गाव रस्त्यावर. तोंडाला पीठ फासलेली पोरं, ढोल, मिरवणूक. प्राणीसंग्रहालय उघडं होतं पण आत चिटपाखरू नव्हतं. कालिस्तोही एक तासाची सुट्टी घेऊन नातवाचं सोंग बघायला गेलेला. नदीकडून ढोल ऐकू येत होते.

नुरिसने कॅमेऱ्याच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. काढायची की नाही, ते ठरवलेलं नव्हतं. नुसता घेतला होता.

ती दान्तांच्या कुंपणापाशी आली. लाल ठिपक्यावर उभी राहिली.

आधी पाटी. फोटो ४२०५.

मग तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. पानेला कोपऱ्यात उभी होती. मान खाली, डोळे मिटलेले.

आणि ढोल थांबले.

मिरवणूक कुठेतरी वळली असेल. मी तसंच समजतो.

त्या शांततेत मागून…

दोन सूर वर.

एक खाली.

टक्क.

नोटरी असेल, तिला वाटलं. पण नोटरीचा पिंजरा उजवीकडे होता. समोरच. नोटरी गप्प होता. तो तिच्या खांद्यामागे बघत होता आणि त्याची चोच मिटलेली होती.

पानेलाने डोळे उघडले.

चालायला लागली. पाय लटपटत होते, तरी कुंपणाच्या कडेकडेने येत राहिली. तिची नजर कुणावर तरी होती. जो कुणी होता, तो कुंपणाच्या बाहेरून तिच्याबरोबर चालत होता. नुरिसच्या मागून पुढे आला. इतक्या जवळून गेला की…

तिच्या हातावरची लव उभी राहिली. एवढ्या उन्हात.

पानेला थांबली. मान वर केली. छोटी सोंड वर वळवली. तोंड उघडलं.

आणि चोखायला लागली.

हवेत काही नव्हतं. नुरिसने कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी बघितलं. पिल्लू मान वर करून हवा चोखत होतं. गळ्याची हालचाल होत होती. एक घोट. दुसरा घोट. बाटली धरणाऱ्या हाताला ढुशी द्यावी तशी मध्येच नाकाने ढुशी देत होतं. डोळे सुखाने अर्धे मिटलेले.

पोट भरत असल्यासारखं पीत होतं. आणि फासळ्या तेवढ्याच वर.

म्हणजे हे रोज होत होतं.

धर्मबाप आपलं काम करत होता. कानेलाला पाजलं तसंच हिला पाजत होता. वेळेवर, शीळ घालून, प्रेमाने. त्याच्याकडे जे होतं ते देत होता.

त्याला माहीतच नव्हतं.

नुरिस पुढे सरकली. ती कुंपणाला धरून उभी राहिली. येयो लहान असताना त्याची कुठलीही चूक तीच त्याला सांगायची, आई सांगायची नाही. शर्टाचं बटण चुकलंय. पाढा चुकलाय. ती त्याच आवाजात बोलली, हळू, म्हणजे त्याला वाईट वाटू नये.

"येयो… बाटली रिकामी आहे रे."

पानेलाचं चोखणं थांबलं.

"त्यात काही नाही, राजा. बघ एकदा. कधीपासूनच काही नाही."

पाचोळासुद्धा हलला नाही. मग पानेलाची नजर हळूहळू खाली आली. जणू समोरचा माणूस आपल्या हाताकडे बघतोय आणि तीही त्याच्या हाताकडे बघतेय.

नुरिसने स्क्रू-ड्रायव्हर काढला. चार स्क्रू. तिसरा घट्ट बसला होता, तो फिरेना. तो काढताना ती रडत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते तिने मला सांगितलं नाही.

पाटी हातात आल्यावर तिने कॅमेरा उचलला. पानेला अगदी जाळीशी आली होती. नुरिसने तिच्या डोळ्यावर फोकस धरला. तो ओला काळा डोळा, फक्त डोळा. बटण दाबलं.

एकच फोटो. नंबर ४२०६.

तिने तो मागच्या पडद्यावर बघितला नाही. कॅमेरा बंद केला.

नदीकडे पुन्हा ढोल सुरू झाले.



पुढचं थोडं आहे.

कार्निव्हल संपल्यावर येणाऱ्या राखेच्या बुधवारी दुकानं उघडल्यावर ती फोटो छापायला गेली. दुकानातल्या मुलीला म्हणाली, शेवटचा एकच, मोठा करून दे. आणि काउंटरकडे पाठ करून रस्ता बघत उभी राहिली.

मुलगी कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी करत होती. मग तिने विचारलं, "काकू, डोळ्यातली माणसं दिसायला हवीत ना? कापलं तर एकच येईल. दोघं ठेवू?"

नुरिसने मागे वळून बघितलं नाही.

"दोघं ठेव," ती म्हणाली.

लिफाफा घेतला. कार्डावरून फोटो तिथेच पुसायला लावला. म्हणून ४२०६ सापडत नाही.

घरी येऊन लिफाफा आईसमोर ठेवला. पाटी ठेवली. चार स्क्रू ठेवले. आईने हात उचलला असता तरी तिने मार खाल्ला असता.

सिक्स्तांनी चष्मा शोधला. पुसला. लावला. फोटो बाहेर काढून खिडकीजवळ नेला आणि नुरिसकडे पाठ करून बघत बसल्या.

मग म्हणाल्या.

"किती वाळलाय गं."

एवढंच.

फोटो लिफाफ्यात घातला. लिफाफा पोलक्यात. मग उठल्या, भिंतीला धरत धरत मागच्या दारापाशी गेल्या आणि कडी लावली. सतरा वर्षं न हललेली कडी. दोन्ही हात लावावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून घरात नऊ दिवसांची प्रार्थना होती. मीही गेलो होतो. सिक्स्ता काळ्या कपड्यांत दाराशी बसून प्रत्येकाला कॉफी प्यालास का विचारत होत्या.

पानेलाने त्याच आठवड्यात केळं खाल्लं.

त्या मार्चपासूनचे सगळे फोटो मी तपासले. राजगिधाड, केमन, कासव, कानेला. सगळे सरळ कॅमेऱ्यात बघतायत. नोटरीने पुन्हा ती शीळ घातली नाही. कालिस्तो म्हणायचा की मकाव शिकलेलं विसरत नाही. पण हा विसरला.

सिक्स्ता २०१९ मध्ये गेल्या. लिफाफा त्यांच्याबरोबर पुरला. तो फोटो त्यांच्याशिवाय एका दुकानातल्या मुलीने बघितला, आणि तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण पाटीची जागा मोकळी ठेवता येत नाही. बारसं झालेल्या पिल्लाला कुणीतरी लागतं. म्हणून येयोचं नाव काढल्यावर नुरिसने तिथे स्वतःचं नाव लावलं. धर्ममाता : नुरिस कान्तियो. तेव्हा ती जिवंत होती, त्यामुळे त्यात काही चूक नव्हती.

नुरिसमावशी गेल्या जूनमध्ये गेली.

पाटी अजून तिथेच आहे. कार्यालयाला काढायची तर नाव देणाऱ्याची सही हवी, आणि नाव तिनेच दिलेलं. मला दुसरा उपाय माहीत आहे. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पिशवीत आहे.

परवा रविवारी गेलो होतो. पानेला आता मोठी झालीय, पट्टे कधीच गेलेत. मी मावशीच्या लाल ठिपक्यावर उभा राहिलो. रंग पुसट झालाय, पण पाय बरोबर तिथे पडला.

पानेला पालेभाजी खात होती. मध्येच थांबून तिने माझ्या डाव्या खांद्यामागे बघितलं. मान वर केली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावून एक फोटो काढला.

अजून बघितलेला नाही.